मित्राच्या हाताच्या मापाची इलेक्ट्रिक गिटार

मित्रासाठी गिटार घडवायची ठरवलीत, तर लाकूड बघायला जाण्याआधी त्याची सध्याची गिटार एका संध्याकाळपुरती मागून घ्या. सोबत व्हर्निअर कॅलिपर, स्टीलची पट्टी, वजनकाटा आणि वही ठेवा. नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाला तारा पेलणाऱ्या खाचांच्या पट्टीपाशी, नेक (गिटारची दांडी) किती रुंद आहे, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपाशी, किती जाड आहे, बाराव्या फ्रेटवर तारा किती उंच आहेत, गिटारचं वजन किती, हे सगळं लिहून घ्या. मग गिटार त्याच्या हातात द्या आणि अर्धा तास नुसतं बघा. त्याचा अंगठा नेकच्या मागे राहतो की वरून डोकावतो? बसून वाजवतो की उभा राहून? तासाभरानंतर कुठे दुखतं? माझ्या मित्राने या शेवटच्या प्रश्नावर डावा खांदा चोळून दाखवला होता. त्याची गिटार साडेचार किलोची होती. त्याच्या त्या हालचालीवरून बॉडीचं लाकूड ठरलं.

अशी भेट गुपित ठेवायचा मोह फार होतो. ठेवू नका. मित्राला तीनदा बोलवावं लागणार आहे: एकदा ही मापं घ्यायला, एकदा नेकचा आकार हाताला लावून बघायला आणि एकदा तारा चढवल्यावर. गिटार दिसते बॉडीमुळे, पण वाजवणाऱ्याचा हात असतो नेकवर, आणि नेकचा आकार आपल्या हाताच्या अंदाजाने ठरवला तर ती गिटार आपली होते, त्याची नाही.

कागदावर पूर्ण गिटार

आराखडा खऱ्या मापात काढा. लांब कागद पसरा, मधोमध एक रेषा ओढा. ही मध्यरेषा शेवटपर्यंत तुमची सोबत करणार आहे. नेकवर, बॉडीवर, साच्यांवर ती पुन्हा पुन्हा काढावी लागेल, आणि सगळं मोजमाप तिच्यापासूनच होईल.

पहिला निर्णय स्केल लेंग्थचा, म्हणजे नटपासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंतच्या अंतराचा. ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा पेलणारा भाग, आणि सॅडल म्हणजे त्यावरचे तारांचे छोटे आधार. फेंडर कंपनीच्या बहुतेक गिटारींमध्ये हे अंतर २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिमी असतं. गिब्सनच्या बहुतेक गिटारींमध्ये ते साधारण ६२८ मिमीच्या आसपास येतं. लांब स्केलवर त्याच सुरासाठी तार जास्त ताणावी लागते, आवाजाला टणकपणा येतो. आखूड स्केलवर फ्रेट जरा जवळ येतात आणि तार बोटाने सहज खेचता येते. मित्राचा हात लहान असेल आणि तो मींड फार घेत असेल तर आखूड स्केल त्याला मानवेल. बाकी कुणासाठीही ६४८ घ्यायला हरकत नाही. पुढची सगळी उदाहरणं मी त्याच मापाची देतो.

नटची रुंदी ४२ किंवा ४३ मिमी, बाविसाव्या फ्रेटपाशी फ्रेटबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) ५६ मिमी. नटवर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर ३५.५ मिमी आणि ब्रिजवर ५२.५ मिमी धरून या दोन तारा कागदावर आखा. त्या फ्रेटबोर्डच्या कडेपासून दोन्ही बाजूंना साडेतीन-चार मिमी आत राहिल्या पाहिजेत. त्याहून कडेला गेल्या तर वाजवताना तार घसरून खाली जाते. ब्रिज विकत घेताना त्याचं तारांमधलं अंतर बघायला बरेच जण विसरतात, आणि मग नेक बनून गेल्यावर हा घोळ लक्षात येतो. म्हणून ब्रिज, ट्यूनर (तारा ताणणाऱ्या खुंट्या), ट्रस रॉड (नेकच्या आतला, त्याचा बाक जुळवणारा धातूचा दांडा), पिकअप (तारेचा कंप पकडणारा चुंबकी भाग) आणि फ्रेटची तार हे सगळं आराखड्याआधीच हातात हवं. कॅटलॉगमधल्या मापावर विसंबू नका, वस्तू मोजा.

त्याच कागदावर बाजूने दिसणारी गिटारही काढा, कारण उंचीचा हिशेब तिथेच जमतो. बॉडीची जाडी ४४ मिमी, नेकच्या टाचेची, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकाची, जाडी फ्रेटबोर्डसकट २५ मिमी आणि नेक बसण्यासाठी बॉडीत १६ मिमी खोल खळगा. म्हणजे फ्रेटबोर्ड बॉडीच्या पृष्ठभागापासून ९ मिमी वर राहतो. त्यावर फ्रेटची उंची मिळवा आणि फ्रेटच्या माथ्यावरून सरळ रेषा ब्रिजपर्यंत ओढा. ती रेषा सॅडल जवळजवळ पूर्ण खाली असतानाच्या उंचीपाशी आली की तारा वर-खाली करायला पुरेसा वाव राहतो. चपट्या ब्रिजला हे सरळ नेकनेच साधतं. उंच ट्यून-ओ-मॅटिक प्रकारचा ब्रिज असेल तर नेक दोन-तीन अंश मागे कलवावा लागतो. पहिल्या गिटारला चपटा ब्रिज आणि स्क्रूने बसणारा नेक घ्या. लिओ फेंडरच्या कंपनीने १९५० मध्ये असाच स्क्रूचा नेक असलेली भरीव ठोकळ्याची गिटार बाजारात आणली आणि ही रचना आजही तशीच चालते आहे. चूक झाली तर नेक काढून दुरुस्त करता येतो, हा आपल्यासारख्यांना मोठाच आधार.

लाकूड

इलेक्ट्रिक गिटारच्या लाकडावर लोक रात्र रात्र वाद घालतात. माझं मत विचाराल तर आवाजाचा मोठा भाग पिकअप, तारा, स्केल आणि नीट बसवलेले फ्रेट व नट यांतून येतो. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. त्याच्या चुंबकाजवळ पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते, तीच पुढे जाते. तेव्हा लाकूड निवडताना तीन गोष्टी बघा: ते वाळलेलं आहे का, सरळ राहील का, आणि किती जड आहे.

नेकसाठी कडक आणि सरळ रेषांचं लाकूड हवं. मेपल हे नेहमीचं उत्तर आहे, महोगनीही चालते. फळीच्या कडेला बघा. रेषा लांबीला समांतर धावत असाव्यात, मध्येच बाहेर पडू नयेत, आणि कुठेही गाठ नको. बॉडीला आल्डर, अ‍ॅश, महोगनी, बासवूड यांपैकी जे हलकं मिळेल ते घ्या. एकसंध रुंद फळी नसेल तर दोन तुकडे मधोमध चिकटवा, त्यात काही कमीपणा नाही. फ्रेटबोर्डसाठी रोझवूड घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. ब्राझिलियन रोझवूडवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे सर्वांत कडक निर्बंध आहेत आणि २०१७ पासून त्या कुळातल्या बाकीच्या जातीही नियंत्रित यादीत आल्या. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली, पण ती कच्च्या लाकडाला नाही. कागदपत्रं असलेलंच लाकूड घ्या, नाहीतर फ्रेटबोर्डही मेपलचाच करा.

आणलेलं लाकूड लगेच कापू नका. ज्या खोलीत काम करणार तिथे, चारही बाजूंनी हवा लागेल असं पट्ट्यांवर ठेवा. दर आठवड्याला वजन करा आणि खडूने त्यावरच लिहा. दोन-तीन आठवडे वजन बदललं नाही, की समजा लाकूड खोलीशी जुळलं.

जुनं लाकूडही वापरता येतं. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने १९६३ मध्ये वडिलांसोबत स्वतःची गिटार बनवायला घेतली तेव्हा नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड घेतलं होतं. त्यातली किडीची भोकं त्यांनी काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. क्वीनच्या जवळजवळ सगळ्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येते ती हीच गिटार. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड आता कुठे हलणार, हा त्यातला व्यवहार.

फ्रेटच्या खाचा

इथे घाई केली तर पुढचं कुठलंच कौशल्य उपयोगी पडत नाही. खाच अर्धा मिमी चुकली की तो फ्रेट कायमचा बेसूर.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक फ्रेटला तारेची उरलेली लांबी १.०५९४६ ने भागली जाते, म्हणजे बारा फ्रेटनंतर ती बरोबर निम्मी होते. कागदावर करायचं तर उरलेली लांबी १७.८१७ ने भागा, तेवढं अंतर पुढे गेलं की पुढचा फ्रेट. ६४८ मिमीच्या स्केलवर पहिला फ्रेट नटपासून ३६.४ मिमीवर येतो, पाचवा १६२.५ वर, सातवा २१५.५ वर, बारावा ३२४ वर आणि बाविसावा ४६६.२ वर. पूर्वी कारागीर १७.८१७ ऐवजी सरळ १८ ने भागत. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ मध्ये हेच १८ ला १७ चं प्रमाण मांडलं होतं. त्या हिशेबाने आपला बारावा फ्रेट जवळपास २.४ मिमी अलीकडे येतो. तार दाबल्यावर सूर थोडा चढतोच, म्हणून जुन्या वाद्यांत ते काही अंशी खपून जाई. आपल्या ब्रिजला मागे-पुढे होणारे सॅडल आहेत, तेव्हा आपण बरोबर आकड्यानेच जायचं.

महत्त्वाचं म्हणजे, प्रत्येक खूण नटपासूनच मोजा. एका फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात तर पाव मिमीच्या चुका साठत जातात. लांब स्टीलची पट्टी फ्रेटबोर्डवर पक्की दाबून ठेवा, ती न हलवता सगळ्या खुणा धारदार सुरीने करा. पेन्सिलची रेषा फार जाड असते. नंतर पट्टी उचलून पुन्हा ठेवा आणि सगळं परत तपासा. बारावी खूण बरोबर निम्म्यावर आहे का, ते शेवटी पहा.

खाच कापण्यासाठी फ्रेटच्या करवतीचा काप फ्रेटच्या खाचेत शिरणाऱ्या शेपटीच्या जाडीइतका हवा, बहुधा ०.६ मिमीच्या आसपास. आधी टाकाऊ तुकड्यावर कापून फ्रेट ठोकून बघा. बोटाने सहज शिरत असेल तर सैल आहे, ठोकताना तुकडा वाकत असेल तर घट्ट. फ्रेटबोर्ड अजून चौकोनी आणि दोन्ही कडा समांतर असतानाच खाचा कापा, म्हणजे गुण्या लावता येतो. उतरती कड नंतर कापायची. करवत गुण्याला टेकवलेल्या ठोकळ्याच्या आधाराने चालवा.

नेक

नेकच्या पट्टीला आधी एका बाजूने रंधा मारून अगदी सपाट करा. या पृष्ठभागावर फ्रेटबोर्ड चिकटणार आहे. मध्यरेषा आखा आणि राउटरने (लाकूड कोरणाऱ्या यंत्राने) ट्रस रॉडची खोबण कापा. दुहेरी रॉडला साधारण ६ मिमी रुंद आणि ९ ते १० मिमी खोल खोबण लागते, पण रॉड हातात घेऊन मोजूनच ठरवा. रॉड त्यात हलक्या दाबाने बसला पाहिजे, खडखडता कामा नये. राउटरचं पातं एका वेळी तीन मिमीपेक्षा खाली उतरवू नका.

आता नेकच्या मागच्या बाजूचा एक हिशेब करून ठेवा. पहिल्या फ्रेटपाशी नेक २१ मिमी जाड हवा असेल, तर त्यातले ६ मिमी फ्रेटबोर्डचे आणि साडेनऊ खोबणीचे. खाली उरलं साडेपाच मिमी लाकूड. मित्राला अतिशय बारीक नेक आवडतो म्हणून १८ मिमीवर आलात, तर अडीचच मिमी उरतं आणि पाठ घडवता घडवता रॉड उघडा पडू शकतो. तीन मिमीच्या खाली जाऊ नका. बारीक नेक हवाच असेल तर कमी उंचीचा रॉड आधीच शोधा.

रॉड बसवून त्यावर टेपची पट्टी लावा, म्हणजे सरस आत जाणार नाही. सरस पातळ पसरवा, टेप काढा, फ्रेटबोर्ड ठेवा. ओला सरस फ्रेटबोर्डला घसरवतो, म्हणून आधीच दोन खाचांच्या आत बारीक भोकं पाडून त्यात छोटे खिळे घालून जागा पक्की केलेली असावी. वरून सपाट ठोकळा ठेवून भरपूर क्लॅम्प लावा आणि २४ तास हात लावू नका.

हेडस्टॉकचा, म्हणजे ट्यूनर बसतात त्या नेकच्या टोकाचा, आकार तुमच्या मनासारखा काढा, पण तारा नटमधून ट्यूनरकडे शक्य तितक्या सरळ जाऊ द्या. नटपाशी वळलेली तार अडकते आणि मींड घेतल्यावर मूळ सुरावर परत येत नाही. हेडस्टॉकची जाडी साधारण १४-१५ मिमी ठेवा आणि ट्यूनरची भोकं ड्रिल प्रेसवर, खाली टाकाऊ फळी ठेवून पाडा.

नंतर फ्रेटबोर्डची गोलाई. १२ इंच, म्हणजे ३०५ मिमी त्रिज्या हा मधला आणि सगळ्यांना मानवणारा पर्याय. त्या त्रिज्येच्या लाकडी ठोकळ्याला सँडपेपर लावून लांबीच्या दिशेने घासत जा. फ्रेटबोर्डवर पेन्सिलने नागमोडी रेषा काढून ठेवा, त्या सगळीकडून पुसल्या की गोलाई पूर्ण झाली.

पाठ घडवणं हा या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग. पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी जाडीची दोन ठिकाणं कानशीने अगदी मापात आणा, अंतिम २१ आणि २३ मिमीपेक्षा अर्धा मिमी जाड. मग त्या दोन ठिकाणांना जोडत मधलं लाकूड काढा. कडा एकदम गोल करू नका. आधी ४५ अंशात छाटा, मग उरलेले कोन पुन्हा छाटा, अशा पायऱ्यापायऱ्यांनी गोलाई आली तर दोन्ही बाजू सारख्या राहतात. दिवा बाजूला ठेवा, सावलीत उंचवटे लगेच दिसतात.

अंतिम मापाच्या अर्धा मिमी अलीकडे थांबा आणि मित्राला दुसऱ्यांदा बोलवा. नेक त्याच्या हातात द्या, डोळे मिटून वर-खाली हात फिरवायला सांगा. माझा मित्र सातव्या फ्रेटपाशी थांबला आणि म्हणाला, "इथे काहीतरी आडवं येतंय बघ." मला डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. कॅलिपर लावला तर अंगठ्याच्या बाजूला ०.४ मिमीचा फुगवटा निघाला. त्याचा अंगठा वरून डोकावतो हे मी पहिल्या दिवशीच वहीत लिहिलं होतं, तरी नेकची ती बाजू मी माझ्या सवयीने भरीव ठेवली होती. पंधरा मिनिटं कानस चालली आणि मग त्याचा हात न अडकता घसरला.

बॉडी आणि नेकचा खळगा

बॉडीच्या आकाराचा साचा एमडीएफचा बनवा. करवतीने रेषेच्या दोन-तीन मिमी बाहेरून कापा आणि उरलेलं बेअरिंगच्या पात्याने राउटर चालवून साच्याबरोबर आणा. बॉडीच्या शिंगांच्या (नेकच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या भागांच्या) टोकांशी, जिथे रेषा आडव्या फुटतात, तिथे राउटर लाकूड उपटतो. तिथे अगदी थोडं थोडं काढा किंवा ती जागा सरळ सँडपेपरवर सोपवा. पट्ट्याचं बटण वरच्या शिंगावर येतं, ते बाराव्या फ्रेटच्या जवळपास असू द्या. नाहीतर गिटार सोडली की नेक जमिनीकडे झुकतो आणि डावा हात सतत तो पेलत राहतो. माझ्या मित्राच्या खांद्याचं अर्धं दुखणं वजनाचं होतं आणि अर्धं या झुकण्याचं. त्याच्या गिटारसाठी मी हलकं आल्डर घेतलं, कंट्रोलच्या (आवाजाच्या बटणांच्या) पोकळीखेरीज वरच्या भागात आणखी एक बंद पोकळी ठेवली आणि पूर्ण गिटार ३.२ किलोत बसवली.

नेकचा खळगा नेक पूर्ण झाल्यावरच कापायचा. हे मी नुकसान सोसून शिकलो. पहिल्या वेळी खळगा आधी कापला, मग नेकच्या टाचेच्या कडा साफ करताना जवळपास मिलिमीटरभर लाकूड गेलं आणि नेक त्या खळग्यात हलू लागला. दोन्ही बाजूंना व्हिनिअरच्या पट्ट्या चिकटवून निभावलं, पण तो सांधा डोळ्यांना आजही खुपतो. म्हणून नेकची तयार टाच साच्याच्या फळीवर ठेवा, तिच्या तिन्ही बाजूंना सरळ पट्ट्या चिकटवा, नेक काढा, तयार झाला साचा. त्याने १६ मिमी खोल खळगा कापा, चार-पाच टप्प्यांत. नेक बसवून बॉडी उलटी केली तरी स्क्रूशिवाय तो क्षणभर टिकून राहिला, तर सांधा जमला.

नेक क्लॅम्पने धरून नटच्या दोन टोकांपासून ब्रिजपर्यंत दोन बारीक दोरे ताणा. दोन्हीकडे कडेपासूनचं अंतर सारखं आलं की मगच स्क्रूची भोकं पाडा. बॉडीतलं भोक स्क्रू सहज सरकेल इतकं, नेकमधलं त्याहून लहान, नेहमीच्या ४.२ मिमी स्क्रूला सुमारे ३.२ मिमी. स्क्रूला मेण लावा. कडक मेपलमध्ये कोरडा स्क्रू घुसवला तर त्याचं डोकं तुटून हातात येतं.

ब्रिजची जागा: नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेपासून ६४८ मिमीवर रेषा. सर्वांत बारीक तारेचा सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे घेऊन त्याचा माथा या रेषेवर आणा. बाकीचे सॅडल याच्या मागेच जाणार आहेत, जाड तार सर्वांत मागे. पिकअपचे आणि कंट्रोलचे खळगे आता कापून घ्या, आणि तारा नेणारी भोकं लांब ड्रिलने आतून पाडा.

फ्रेट बसवणे

फ्रेटची तार फ्रेटबोर्डपेक्षा थोडी जास्त गोल वाकवून घ्या, म्हणजे ठोकल्यावर दोन्ही टोकं घट्ट बसतात. नेकखाली वाळूची पिशवी ठेवा. आधी दोन टोकं ठोका, मग मध्य. पितळी किंवा प्लास्टिकच्या तोंडाची हातोडी वापरा आणि आवाजाकडे कान ठेवा: फ्रेट पूर्ण बसला की ठोक्याचा आवाज पोकळ राहत नाही, भरीव होतो. बाहेर आलेली टोकं कापून कानशीने सुमारे ३५ अंशात उतरवा. या टोकांवर मित्राचा तळवा हजारो वेळा फिरणार आहे, तेव्हा प्रत्येक टोक बारीक कानशीने वेगळं गोल करा. मी एका संध्याकाळी फक्त एवढंच केलं.

समतल करण्याआधी ट्रस रॉडने नेक अगदी सरळ करा. फ्रेटच्या माथ्यांवर मार्करने शाई लावा, सपाट लांब पोलादी पट्टीला ४०० नंबरचा पेपर लावून हलक्या हाताने फिरवा. जिथली शाई गेली ते उंच, राहिली ते खोल. सगळ्यांवरची शाई जाईपर्यंतच घासा, एक फेरासुद्धा जास्त नको. सपाट झालेले माथे क्राउन कानशीने पुन्हा गोल करा आणि ६०० पासून २००० पर्यंत पेपर चढवत चकचकीत करा. फ्रेटबोर्डवर टेप असू द्या.

पॉलिश

बॉडी १२० पासून ३२० पर्यंत घासा. पाणी शिंपडून उभे राहिलेले तंतू पुन्हा घासून काढा. घरी फवारणीची सोय नसेल तर टंग ऑइलचे (tung oil) पाच-सहा पातळ थर सुंदर दिसतात आणि पुढे कधीही दुरुस्त करता येतात. नेकच्या पाठीला तर तेलच उत्तम, जाड चकचकीत थरावर घामेजलेला हात चिकटतो. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून फेकू नका. वाळताना तेल तापतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. ती मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आणि घासताना मास्क कायम लावा, रोझवूडची धूळ तर अनेकांना पुरळही आणते.

वायरिंग

मित्र जिथे वाजवतो तिथे दिव्यांचा, यंत्रांचा गुणगुणाट असेल तर हंबकर प्रकारचे पिकअप घ्या. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्याच्या पेटंटचा अर्ज केला, त्या या पिकअपमध्ये दोन वेटोळी उलट दिशांची आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट असतात. बाहेरून आलेला गुणगुणाट दोघांत एकमेकांच्या विरुद्ध येऊन मिटतो, तारेचा आवाज मात्र बेरजेत येतो. हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे पोटेन्शिओमीटर) लावा, एकाच वेटोळ्याच्या सिंगल कॉइल पिकअपला २५० चे. टोनसाठी ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरे.

पोकळ्यांना आतून तांब्याचा टेप लावा, तुकडे एकमेकांवर चढवा आणि मल्टीमीटरने सगळे जोडले गेलेत ना ते तपासा. ब्रिजखालून एक वायर जमिनीच्या जोडणीला आणा. ही वायर विसरली तर तारांना हात लावल्यावर आवाज स्वच्छ होत नाही. पॉटच्या पाठीवर सोल्डर करताना आधी ती जागा खरवडा, सोल्डरिंग आयर्न गरम आणि स्पर्श थोडा वेळच. तारा चढवण्याआधी गिटार अँप्लिफायरला जोडून पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हळूच टकटक करा. प्रत्येक स्विचच्या जागी योग्य पिकअप बोलला पाहिजे.

तारा चढल्यावर

१० ते ४६ जाडीच्या (इंचाचे हजारावे भाग) तारांचा संच ६४८ च्या स्केलवर सुरात आणला की सगळ्या तारांचा मिळून ताण सुमारे ४७ किलो होतो. नेक या ताणाला हळूहळू सरावतो, म्हणून तारा चढवून गिटार आठवडाभर तशीच ठेवा आणि मगच शेवटची जुळणी करा.

क्रम ठरलेला आहे, तो उलटू नका. आधी नेकचा बाक: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारी पकड), शेवटचा फ्रेट बोटाने दाबा, सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली ०.२ ते ०.२५ मिमी फट हवी. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. मग नट: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर जेमतेम दिसेल एवढीच फट राहीपर्यंत खाच खोल करा. इथे घाई केलीत तर नवा नट बनवावा लागतो. मग तारांची उंची, बाराव्या फ्रेटवर बारीक तारेला १.६ आणि जाड तारेला २ मिमीपासून सुरुवात करा. त्यानंतर पिकअपची उंची: शेवटचा फ्रेट दाबून बारीक तारेखाली २ मिमी, जाड तारेखाली अडीच ते तीन. सिंगल कॉइलचे चुंबक फार जवळ आले तर तारेला ओढतात आणि सूर थरथरतो. शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं: बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे, उतरता आला तर पुढे.

आता मित्राला तिसऱ्यांदा बोलवा. वर दिलेले आकडे सुरुवातीचे आहेत, त्याचा हात त्यात बदल सुचवेल. माझ्या मित्राचा उजवा हात जोरकस आहे, १.६ मिमीवर त्याच्या तारा फ्रेटवर आपटत होत्या. आम्ही बारीक तार १.८ वर आणि जाड तार २.२ वर नेली, नेकचा बाक किंचित वाढवला, आणि रात्री उशिरापर्यंत तो वाजवत आणि मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो होतो. जे आकडे अखेर ठरले ते एका कागदावर लिहून, ट्रस रॉडच्या चावीसोबत, मी गिटारच्या पेटीत ठेवले. ऋतू बदलला आणि तारा खडखडू लागल्या की त्याने तो कागद उघडायचा, आधी बाक मोजायचा आणि पाव फेरा फिरवायचा. पहिल्या खेपेला त्याने फोन केला होता, दुसऱ्या खेपेला स्वतःच केलं.